तीन नॉबवाले ऑफ-रोड शॉकअप: पुढे एकदम खूश, मागे पाट्यांपुढे हात टेकले

आधीच सांगून टाकतो, शॉकअप चांगले आहेत. पण बहुतेक जण ज्या आशेने हे घेतात ना, की नॉब मऊकडे फिरवला की ट्रक गादीसारखा चालणार, त्या आशेने घेणार असाल तर थांबा, कारण सगळे नॉब सगळ्यात मऊवर ठेवून मी गाडी चालवून बघितलीय आणि ती जास्त आपटते, कमी नाही. का ते खाली लिहितोच.

गाडी माझी डबल कॅब पिकअप, पुढे कॉइल आणि इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे, थोडक्यात जगातल्या अर्ध्याअधिक पिकअपना असतं तसंच. सेट चारही चाकांचा, मोनोट्यूब म्हणजे एकाच नळकांड्याचे, प्रत्येकाला नळीने जोडलेला वेगळा रिझर्वायर, म्हणजे तेल आणि गॅसचा डबा. रिझर्वायरच्या डोक्यावर दोन नॉब, एक लो स्पीड कम्प्रेशनचा आणि एक हाय स्पीड कम्प्रेशनचा, आणि खाली रॉडच्या टोकाला, बोल्ट जातो त्या कडीपाशी, तिसरा, रिबाउंडचा. कम्प्रेशन म्हणजे शॉकअप दबतानाचा अडथळा, रिबाउंड म्हणजे परत उघडतानाचा. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि त्या माझ्या हातात आलेल्या एका सेटपुरत्या आहेत, आणि तसंही ट्यूनिंगचं जे लिहितोय ते अशा कुठल्याही सेटला लागू पडतं.

पहिला घोळ नावातच होतो. हाय स्पीड लो स्पीड म्हणजे गाडीचा वेग नाही हो, शॉकअपचा रॉड किती झपाट्याने आत जातो त्याचा वेग. ब्रेक मारल्यावर नाक खाली बसतं, वळणावर गाडी कलते, लांबट उंचवट्यावरून हळूच वरखाली होते, ते सगळं लो स्पीड. धारदार दगड, खड्ड्याची कड, रस्त्यावर आडवी आलेली झाडाची मुळी, तिथे रॉड सपकन आत जातो, ते हाय स्पीड, भले गाडी ताशी 20 ने का चालेना. हायवेला 100 ने जाताना लेन बदलली तरी ते लो स्पीडच. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं ट्यूनिंग सोपं होतं, आणि नाही बसलं तर माणूस दगडाचा धक्का कमी करायला लो स्पीडचा नॉब फिरवत बसतो आणि मग म्हणतो नॉब नुसते शोभेचे आहेत.

तसे थोडे शोभेचे आहेतच, हेही प्रामाणिकपणे सांगतो. रिझर्वायरवरचा नॉब फक्त त्या तेलावर काम करतो जे रॉड आत घुसल्यामुळे बाजूला सरून रिझर्वायरकडे ढकललं जातं, आणि ते तेल फार नसतं, रॉडच्या जाडीइतकंच. शॉकअपचा खरा स्वभाव ठरतो तो आतल्या मुख्य पिस्टनवर, तिथे एकावर एक रचलेल्या पातळ पातळ स्टीलच्या चकत्या असतात ज्याला शिम म्हणतात, तेल त्यांना वाकवून पलीकडे जातं. ती रचना तुमच्या गाडीच्या वजनाला धरून केलेली असेल तर नॉब हे वरचं मीठ, आणि ती रचनाच चुकीची असेल तर नॉब कितीही फिरवा, फार काही हाती लागत नाही. म्हणून विकत घेताना नॉब किती आहेत ते नंतर विचारा, आधी विचारा की आतलं व्हॅल्व्हिंग, म्हणजे ही शिमची रचना, कुठल्या वजनासाठी केलंय, पुढे लोखंडी बंपर आणि विंच धरून की नुसत्या कंपनी गाडीसाठी. माझ्या सेटचं पुढचं व्हॅल्व्हिंग बंपर धरून होतं आणि माझ्याकडे बंपर आहे, त्यामुळे पुढे सगळं जमून आलं. मागचं काय झालं ते येतंच पुढे.

नॉबला हात लावायच्या आधी टायर. मला माहितीय हे ऐकून लोकांना कंटाळा येतो, नवीन वस्तू आलीय आणि हा हवा तपासायला सांगतोय, पण सगळ्यात पहिली स्प्रिंग टायर आहे, रस्ता आणि शॉकअपच्या मधली, आणि छोट्या खड्यांची बारीक थरथर शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरनेच गिळायची असते. जड वजनासाठी बनवलेले, जाड साईडवॉलचे म्हणजे जाड बाजूंचे ऑफ-रोड टायर टाकले आणि हवा हायवेचीच ठेवली तर कुठलाही शॉकअप तुम्हाला वाचवू शकत नाही. कच्च्या रस्त्याला लागलं की मी साधारण पाव हिस्सा हवा कमी करतो, 36 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर 27 च्या आसपास, आणि परत डांबरावर यायच्या आधी भरतो. कमी हवेने जोरात पळवलं तर टायर तापतो आणि साईडवॉल फाटायची भीती, तेव्हा छोटा कंप्रेसर गाडीत हवाच. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो लो स्पीडच्या नॉबचे सगळे क्लिक, म्हणजे टप्पे, फिरवूनही पडत नाही, आणि ट्यूनिंग करताना हवा दरवेळी एकसारखी नसेल तर तुम्ही काय बदललं आणि काय जाणवलं याचा ताळमेळच लागत नाही.

आता फिटिंगची गोष्ट, आणि इथे मी जरा तापलो होतो. बसवणाऱ्याने काम वरवर नीटनेटकं केलं, नट मार्करने खुणा करून दिले, टॉर्क रेंच वापरला, सगळं बघितलं. पण गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश आवळले. रबरी बुशला आत स्टीलची नळी असते, बोल्ट आवळला की ती नळी चेसिसला घट्ट धरली जाते आणि आर्म वरखाली झाला की मधलं रबर पिळतं. म्हणजे लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं, जणू एक जास्तीची स्प्रिंग लावली, आणि वर बुशचं आयुष्य कमी. गाडी पुढून एक बोट उंच उभी होती आणि बारीक खाचखळग्यांवर उगाचच ताठ वाटत होती. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, नवीन आहे, चालवा, सेट होईल." नाही झालं सेट. शेवटी गाडी चाकांवर उभी करून, थोडी मागेपुढे ढकलून, बोल्ट सैल केले, तेव्हा आर्म बुशमधून अक्षरशः कुरकुरत सुटला आणि पुढचा भाग डोळ्यांदेखत खाली बसला, मग तिथेच परत आवळले. एक नवा पैसा खर्च न करता निम्मा ताठपणा गेला. तुम्ही काहीही बसवून घेत असाल, रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना फायनल आवळायचे, हे समोर उभं राहून करून घ्या, लाजू नका. आणि त्यानंतर अलाइनमेंट, आधी नाही.

उंचीचं पण बघा. पुढच्या कॉइलओव्हरला, म्हणजे कॉइल स्प्रिंग अंगावरच चढवलेल्या शॉकअपला, थ्रेडवरची रिंग असते, ती फिरवली की गाडी वर येते, आणि लोक ती जमेल तितकी वर घेतात कारण फोटोत भारी दिसतं. एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगला प्रीलोड दिल्याने, म्हणजे रिंगने आधीच दाबून ठेवल्याने, स्प्रिंग स्वतः कडक होत नाही, गाडीचं वजन तेच, स्प्रिंग तेवढीच दबते, फक्त शॉकअप जास्त उघडा राहतो. अडचण तिथेच आहे. चाकाला खाली जायला समजा 9 सेंटीमीटर जागा होती आणि तुम्ही गाडी 5 सेंटीमीटर उचलली तर उरली 4. मग प्रत्येक खोलगट जागी चाक खाली जाताना शॉकअप पूर्ण उघडून आतल्या आत खट्ट करून थांबतो, आणि तो आवाज ऐकून माणूस म्हणतो शॉकअप हार्ड आहे, कम्प्रेशन कमी करू. कम्प्रेशनचा काही संबंधच नाही त्यात. शिवाय शॉकअप आर्मवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे चाक 10 सेंटीमीटर हललं तर शॉकअप माझ्यासारख्या गाडीत 6 च्या आसपास हलतो, म्हणून रिंग 1 सेंटीमीटर वर घेतली की गाडी दीडएक सेंटीमीटरने उठते, जपून. आणि याच गणिताने स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापाशी तसाच लागू होत नाही, गुणोत्तराचा वर्ग करून गुणायचा, 0.6 चा वर्ग 0.36, म्हणजे 600 पाउंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकापाशी 216 ची होते. दुसऱ्याच्या गाडीत कुठल्या नंबरची स्प्रिंग मस्त चालते ते ऐकून तीच मागवणाऱ्यांसाठी हे खास, त्याच्या गाडीचा आर्म वेगळा, वजन वेगळं.

मी रिंग जरा खालीच ठेवली, आणि फोटोत गाडी तितकी भारी दिसत नाही, चालतंय.

आता मुद्द्याचं, रिबाउंड. या सेटचा सगळा पैसा माझ्या मते खालच्या त्या एका नॉबमध्ये आहे आणि गंमत म्हणजे जाहिरातीत त्याचं नाव शेवटी येतं. कम्प्रेशन म्हणजे चाक वर जाताना अडवणं, रिबाउंड म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला अडवणं. स्प्रिंग कडक असेल तर जास्त रिबाउंड लागतो, मऊ असेल तर कमी. आता रिबाउंड फार घट्ट ठेवला तर काय होतं, पहिल्या खड्ड्यात चाक वर गेलं, परत खाली यायला वेळ लागतोय, तेवढ्यात दुसरा खड्डा आला, चाक अजून वर, तिसरा आला, आता स्प्रिंग जवळजवळ पूर्ण दबलेली आणि तुम्ही रबर स्टॉपरवर बसलायत. पहिला खड्डा मऊ, चौथा दणका. असं होत असेल तर ते कम्प्रेशन हार्ड आहे म्हणून नाही, रिबाउंड घट्ट आहे म्हणून. उलट रिबाउंड फार सैल असेल तर गाडी उंचवटा पार केल्यावर मागून वर उसळते, दोनतीन वेळा डुलते, आणि मागच्या सीटवरच्यांना मळमळायला लागतं.

आणि सगळं मऊवर ठेवलं तर आपटते का, तर कम्प्रेशन सगळं सैल म्हटल्यावर मोठ्या खड्ड्यात चाकाला अडवायला कोणी नाही, सगळा ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली हलायची जागा, एका झटक्यात संपतो आणि शेवटी स्टॉपर. तो धक्का कुठल्याही व्हॅल्व्हिंगपेक्षा वाईट. तपासायची सोपी युक्ती आहे, रॉडवर एक झिप टाय सैलसर बांधा, शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा, जिथे नेहमी आपटतं तो पट्टा चालवून या आणि बघा टाय रॉडवर कुठे सरकलाय. स्टॉपरपर्यंत पोचला असेल तर अजून मऊ करू नका, आणि ट्रॅव्हल निम्मासुद्धा वापरला गेला नसेल आणि तरी धक्के बसत असतील तर मग खरंच कम्प्रेशन जास्त आहे. बंपर दाबून गाडी किती डुलते ते बघायची जुनी परीक्षा याला उपयोगाची नाही, हाताने दाबून जो वेग येतो तो सगळा लो स्पीड.

मी ट्यूनिंग केलं ते एकाच कच्च्या पट्ट्यावर, तेच सामान, तीच हवा, एका वेळी एकच नॉब. मित्राला मागे बसवलं होतं, कारण चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा दिसतो, अंग आधीच सावरलेलं असतं, खरं काय ते मागच्याला कळतं. त्याच्या मांडीवर उघडी पाण्याची बाटली, अर्धी भरलेली. रिबाउंड घट्ट असताना पहिले दोन खड्डे पाणी नुसतं हललं आणि मग एकदम झाकणापाशी उडून त्याच्या शर्टवर. "अरे सुरुवातीला बरं असतं रे, मग अचानक मारतं," तो म्हणाला, आणि इतकं अचूक निदान मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं. दोन क्लिक सैल केला, तोच पट्टा, पाणी सारखं हलत राहिलं पण उडालं नाही. अजून दोन केला तर उंचवट्यानंतर बाटली वर तरंगल्यासारखी झाली आणि तो म्हणाला आता होडीत बसल्यासारखं वाटतंय, तेव्हा एक मागे घेतला. बस. पुढचं काम तिथे झालं, आणि त्यानंतर पुढच्या रिबाउंडला मी हात लावलेला नाही.

क्लिक मोजताना नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा आणि तिथून उलटे मोजत यायचं, उघड्या बाजूने मोजलं तर दोन शॉकअपमध्ये फरक येऊ शकतो. बंद करताना जोर लावू नका, आतली सुई बसायची जागा खराब होते. आणि आकडे कुठेतरी लिहून ठेवा, फोनमध्ये ठेवा, दाराच्या आत चिकटवा, काहीही करा, लक्षात राहील म्हणतो आपण पण राहत नाही.

कम्प्रेशनचं थोडक्यात. लो स्पीड मी मधोमधपेक्षा जरासा घट्ट ठेवलाय, त्याने ब्रेक मारल्यावर नाक कमी बसतं आणि वळणात विश्वास वाटतो, बदल्यात डांबरी रस्त्याची बारीक लाट थोडी जास्त जाणवते, मला चालतं. हाय स्पीड बराच सैल, झिप टाय स्टॉपरला लागत नाही तिथपर्यंत. लोकांचं उलट असतं, दोन्ही सैल नाहीतर दोन्ही घट्ट. माझं म्हणणं, दोन वेगळे नॉब दिलेत तर दोन वेगळ्या दिशांना फिरवायला दिलेत.

वॉशबोर्ड रस्त्याचा वेगळा विषय आहे. कच्च्या रस्त्यावर आडव्या पट्ट्यापट्ट्या पडतात ना, दात वाजवणाऱ्या, त्यावर नॉबने फार जादू होत नाही, वेगाचं गणित जास्त चालतं. समजा पट्ट्यांमधलं अंतर 80 सेंटीमीटर आहे, ताशी 30 ला चाकाला सेकंदाला साधारण 10 धक्के बसतात, आणि ॲक्सल आणि चाक स्वतः टायरवर उड्या मारतात त्याची नैसर्गिक गती 10 ते 15 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा, घरात असते, म्हणजे बरोबर नको तिथे गाठ पडते आणि सगळा डॅशबोर्ड खुळखुळतो. 60 ला तेच धक्के 20 च्या वर जातात, चाक पट्ट्यांच्या माथ्यांवरून जातं आणि आत शांत वाटतं. पण शांत वाटतं म्हणजे पकड आहे असं नाही, चाक निम्मा वेळ जमिनीला नीट टेकलेलंच नसतं, वळण आलं किंवा ब्रेक लागला तर गाडी सरळ बाहेर. मी हवा कमी करून, हाय स्पीड सैल ठेवून, वेग बेताचा ठेवतो. इथे या सेटचा एक गुण मात्र दिसला, तो म्हणजे उष्णता. शॉकअप धक्का गिळतो म्हणजे त्याची उष्णता करतो, दुसरं काही नाही, आणि साध्या ट्विन ट्यूबमध्ये तेल आणि हवा एकाच भांड्यात असल्यामुळे लांब वॉशबोर्डवर तेलाला फेस येतो आणि शॉकअप पंपासारखा मोकळा होतो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, फ्रान्सच्या द कार्बोन यांची ही कल्पना, आणि बिल्स्टाईनने 1957 मध्ये मर्सिडीजसाठी ती कारखान्यातून बसवायला सुरुवात केली, आज इतकी वर्षं झाली तरी महागातले महाग ऑफ-रोड शॉकअप त्याच तत्त्वावर चालतात. माझे जुने शॉकअप अशा रस्त्यावर थोड्या वेळात हार मानायचे. हे हात लावून बघाल तर चटका बसेल इतके तापतात पण शेवटच्या किलोमीटरला गाडी पहिल्या किलोमीटरसारखीच वागते. यासाठी पूर्ण मार्क.

रिझर्वायरमधला गॅस साधारण 200 पीएसआयच्या आसपास असतो, तो कमी करून गाडी मऊ करा असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. 200 पीएसआयला पाऊण इंचापेक्षा थोड्या जाड, सात अष्टमांश इंची रॉडवर मिळणारा जोर साधारण 54 किलोचा, टनाटनाच्या गाडीला तो फार नाही, त्यामुळे तो काढून मऊपणा काही खास मिळत नाही. उलट गॅस कमी झाला की पिस्टनमागे तेलात पोकळी होते आणि शॉकअप ऐन वेळी सुटतो.

आता मागची बाजू, इथे माझा मूड जातो. मागे पाटे. कंपनीने ते एक टनाच्या मालासाठी बनवलेत, आणि माझ्या मागे बहुतेक वेळा दोन बॅगा आणि एक स्टेपनी. स्प्रिंगवर गाडी किती डुलते याचा एक झटपट हिशोब आहे, वजनाने स्प्रिंग किती मिलिमीटर दबली त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 15.8 ला त्याने भागायचं, जे येईल ते हर्ट्झ. रिकाम्या पिकअपचे पाटे समजा 60 मिलिमीटर दबले तर उत्तर येतं 2 च्या वर. तेच 200 मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगला 1.1. आरामदायी गाड्या 1 ते 1.5 मध्ये असतात. म्हणजे रिकाम्या ट्रकची मागची बाजू मुळातच उड्या मारणारी, आणि शॉकअप स्प्रिंगला अडवू शकतो, मऊ करू शकत नाही. त्यात पाट्यापाट्यांमधलं घर्षण. बारीक धक्क्याला पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, गंजलेले असतील तर अजिबातच नाही, म्हणजे त्या धक्क्यापुरता मागे ठोकळाच आहे, शॉकअप हललाच नाही तर त्याचे नॉब काय करणार! तिन्ही नॉब फिरवून बघितले, मागच्या मोठ्या उड्या नक्की आटोक्यात आल्या, उंचवट्यावर मागचं बूड आता दोनदा उसळत नाही, पण स्पीड ब्रेकरसारख्या धारदार गोष्टीवर जो ठोका बसायचा तो थोडाफार तसाच आहे.

फरक पडला तो भलत्याच कामाने. पाटे उघडून साफ केले, टोकांना घासणाऱ्या जागी नवीन प्लॅस्टिकचे पॅड टाकले, शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या दुव्याचे, सुकलेले बुश बदलले, आणि सगळ्यात खालचा जाड ओव्हरलोड पाटा आहे तो नेहमीच्या वजनाला वरच्यांना टेकत नाही ना ते बघितलं. शॉकअपच्या किमतीपुढे या कामाचा खर्च म्हणजे काहीच नाही. नंतर मागचे नॉब थोडे कामाला लागले, कारण आता पाटे हलतायत. मागे कायम वजन असेल, झाकण, टूल बॉक्स, तंबू, तर तुम्हाला हा त्रास कमी होईल, पाटे नीट दबलेले असतील. रिकामी चालवत असाल तर आधी पाट्यांचा विचार करा, शॉकअपचा नंतर.

तक्रारी. एक, दोन्ही टोकांना रबरी बुश नाही, लोखंडी गोल बेअरिंग आहे. रेसवाल्यांना ठीक, हालचाल मोकळी होते, पण रबर जी बारीक थरथर खाऊन टाकतं ती इथे सरळ चेसिसमध्ये येते, आणि चिखलपाण्यानंतर कट् कट् आवाज सुरू होतो. आरामासाठी म्हणून विकायचं आणि रबर काढून टाकायचं हे मला पटलेलं नाही. दोन, रिबाउंडचा नॉब रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे बरोबर चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात. वाळलेल्या चिखलाने एकदा असा बसला की क्लिकच लागेना, कोमट पाणी आणि जुन्या टूथब्रशने अर्धा तास खरवडावं लागलं. एक रबरी टोपी दिली असती तर काय बिघडलं असतं. तीन, मॅन्युअल. चार पानं इशारे, एक पान हमीच्या अटी आणि ट्यूनिंगवर दोन ओळी, त्यातही लो आणि हाय स्पीडचा अर्थ सांगितलेला नाही. इतक्या किमतीच्या वस्तूला हे शोभत नाही.

चार, रिझर्वायरची नळी. पुढे स्टिअरिंग पूर्ण फिरवून चाक लोंबकळत ठेवलं तर नळी आर्मला घासत होती, आणि हे गाडी जमिनीवर असताना दिसत नाही. बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग आणि पूर्ण खाली सोडलेलं चाक, असं एकदा बघाच. माझी नळी क्लॅम्प फिरवून सुटली. मागचे रिझर्वायर मात्र ॲक्सलच्या पुढे लटकतात, दगडाच्या थेट वाटेत, त्यावर मी जाड रबराची पट्टी गुंडाळलीय, दिसायला वाईट आहे.

ऑइल सील अजून कोरडे आहेत. रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर दिसतो तो लिकेज नाही, तो असायलाच हवा, थेंब ओघळायला लागला किंवा धूळ चिकटून काळा चिखल जमला तर सील गेलं समजा. हे उघडून दुरुस्त होतात, सील, तेल, गॅस, सगळं बदलता येतं, आणि आतल्या शिमसुद्धा बदलून व्हॅल्व्हिंग नव्याने करता येतं. साधे शॉकअप गेले की फेकायचे, त्या हिशोबाने बघितलं तर किंमत जरा कमी बोचते. पण घ्यायच्या आधी तुमच्या आवाक्यात हे उघडून बांधणारा कोणी आहे का ते विचारा, कारण नायट्रोजन भरलेला शॉकअप नेहमीच्या गॅरेजमध्ये उघडायचं काम नाही, आणि कॉइलओव्हरची दबलेली स्प्रिंग तर घरी अजिबात सोडायची नाही, हात जातो माणसाचा.

माझे मार्क, पुढच्या जोडीला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या लोखंडी बेअरिंगने खाल्ला. मागच्याला अडीच, त्यातही पाट्यांचा दोष शॉकअपवर टाकत नाहीये, नाहीतर दोन दिले असते. तुम्ही आठवडाभर शहरात आणि वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कच्च्या रस्त्याला जाणार असाल तर नॉब नसलेला, चांगल्या व्हॅल्व्हिंगचा मोनोट्यूब घ्या, त्यातही तापण्याचा फायदा मिळतो आणि चिखल खरवडत बसावं लागत नाही. गाडीचं वजन सारखं बदलत असेल, कधी तंबू आणि पाण्याच्या टाक्या, कधी रिकामी, तर मात्र नॉब वाया जात नाहीत. आणि एक, विकणारा पुढची जोडी वेगळी देतो, विचारल्याशिवाय सांगत नाही, सेटच घ्या म्हणतो. पुढची घ्या, वाचलेल्या पैशात पाटे उघडून साफ करून घ्या आणि मागे साधा मोनोट्यूब लावून बघा.